अर्थिंगच्या खड्ड्यावरची आंघोळ

माझ्या गोठ्यात विजेची वायर कुठून कुठे न्यायची हे ठरवायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात सरकारनं एखादं धरण बांधलं असतं आणि त्यात पाणी का साठलं नाही याचा अहवालही छापून टाकला असता. हे मी फुशारकीनंच सांगतोय. ते धरण कोरडं राहिलं असतं, माझं वायरिंग चाललं.

गाव आमचं नांदूरघाटच्या अलीकडं. त्या सालांत दुष्काळ यायचे ते जावयासारखे. आले की बसले, उठायचं नाव नाही. विहिरीत बादली सोडली तर ती रिकामी वर येत नसे, धूळ भरून येई. कावळ्यांनी बिऱ्हाडं अंबाजोगाईला हलवली होती, म्हणे तिकडं दवाखान्याच्या नळाला गळती आहे. टँकर आला की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहायची आणि मागचं पुढं घुसलं तर गुरगुरून त्याला जागेवर पाठवायची. खोटं वाटत असेल तर गल्लीत कुणालाही विचारा. ते याहून मोठं सांगतील.

मी जातीनं सुतार आणि हातानंही. पण ज्या गावात पेरणीच होत नाही तिथं तिफण कोण करून घेणार? म्हणून आम्ही नवराबायको गाडीला बैल जुंपून वर्षानुवर्षं पश्चिमेकडं ऊस तोडायला जात होतो. तिथं नवराबायको ही दोन माणसं नसतात. दोघांना मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम मोजताना म्हणायचा, “ह्यो एक कोयता, ह्यो दुसरा कोयता.” लग्नात भटजीनं आमची गाठ मारली होती, पण दोघांचं मिळून एक हत्यार करायचं काम मुकादमानंच केलं.

एका सालच्या उन्हाळ्यात परत आलो आणि बायकोनं गाडीतून उतरता उतरता जाहीर केलं,

“आवो, ऐका. मी आता पुन्यांदा जाणार न्हाई.”

“कावून?”

“कावून म्हंजी? माझी कंबर गेलती तुमच्यासंगं तिकडं. ती काय परत आली न्हाई. तिला सोडून मी एकटीच आल्ये.”

“मग खायचं काय?”

“तुमी सुतार हाय का न्हाई?”

“हाय की.”

“मग? समदं गाव उसाला जातंय. समद्यांच्या गाड्या खिळखिळ्या झाल्यात. कुणाची दांडी मोडली, कुणाची फळी. जाण्याआधी समदे गाड्या केजला नेत्यात नीट कराया. आन तुमी घरात बसून आढ्याकडं बघताय.”

“हातानं किती गाड्या व्हतील?”

“हातानं कोण म्हणलं? मशीन आणा.”

इतकी साधी गोष्ट. दुष्काळ जितका मोठा तितकी माणसं उसाला जास्त, आणि माणसं जास्त तितक्या गाड्या जास्त. म्हणजे आमच्या गावात दुष्काळावर चालणारा धंदा हाच एक होता, आणि तो करायला सुतारच नव्हता. सुतार ऊस तोडायला गेला होता.

आम्ही बैल विकले आणि मशीन आणलं. अंबाजोगाईला एका मिस्तरीनं दुकान बंद केलं होतं. त्याचं रंधा मारायचं मशीन, त्याच्याच एका अंगाला लाकूड चिरायचं गोल पातं, खाली मोटर. ते इतकं जड होतं की घाटात टेम्पोची पुढची चाकं उचलली गेली आणि ड्रायव्हरला रस्त्याऐवजी आभाळ दिसू लागलं. त्यानं आभाळाच्या अंदाजानं गाडी चालवली आणि गावात आणून उभी केली.

आता परतीची वाट बंद. बैल नाहीत, म्हणजे गाडी नाही. मुकादमाला ही बातमी आमच्या आधी कळली. तो म्हणाला, “काही हरकत न्हाई. ट्रॅक्टरच्या टोळीत घेतो तुमाला. गाडी न्हाई तर डोक्यावर मोळ्या वाहायच्या.” बायको घरातून ऐकत होती. ती बाहेर आली नाही, पण आतून तिनं तवा असा आदळला की मुकादम चहा न घेताच उठला. त्यानंतर आमच्या घरात एकच हिशेब होता. टोळ्या निघायच्या आत मशीन सुरू झालं तर आम्ही सुतार, नाही झालं तर बायको डोक्यावर मोळ्या घेऊन उसाच्या फडात.

गोठा रिकामा होताच. मी त्याच्या भुईवर चुन्यानं रेघा मारायला बसलो. कुठं मशीन, कुठं रंध्याचं बाक, कुठं करवतीला धार लावायचा दगड, कुठं वायर. कागदावर नकाशा काढणारे लोक मी बघितलेत. कागदावर लाकूड कधी भिंतीला धडकत नाही. गाडीची दांडी ही माणसाच्या दुप्पट लांब. ती मशीनमधून एकीकडून आत जाणार आणि दुसरीकडून बाहेर येणार. म्हणजे मशीनच्या पुढं जितकी जागा तितकीच मागं पाहिजे. मी एक लांब वासा खांद्यावर घेतला आणि बायकोला म्हणालो,

“तू मशीन हो.”

“लगीन झाल्यापास्नं मशीनच हाय मी.”

“आगं, तसं न्हाई. हितं मधी उभी ऱ्हा. मी वासा तुझ्या बगलंतून सारतो.”

ती मधे उभी राहिली. मी वासा सारला. वासा तिच्या बगलेतून गेला आणि समोरच्या भिंतीला असा धडकला की वरून चिमणीचं घरटं पडलं. मशीन एक हात इकडं घेतलं, वासा दावणीला लागला. तिकडं घेतलं, पत्र्याच्या खांबाला लागला. असं आम्ही मशीनला गोठाभर नाचवलं. गल्लीतली बायामाणसं दारात जमली. एकीनं विचारलं, “येड लागलं का गं ह्येला?” बायको वाशाखालून म्हणाली, “लागलंय. पर कामाचं लागलंय.” शेवटी मशीन तिरकं ठेवायचं ठरलं. एका कोपऱ्यातून लाकूड आत घालायचं, ते समोरच्या दारातून सरळ रस्त्यावर निघेल. रस्त्यानं जाणाऱ्याला अंग चोरून जावं लागेल, पण ज्या रस्त्यावर टँकरशिवाय काही फिरत नाही त्याची एवढी काय काळजी करायची!

मग वायर. वायर जमिनीवरून न्यायची नाही हे पहिलं ठरलं, कारण खाली भुसा साठतो आणि भुशात उंदीर येतो. बोर्ड भिंतीवर किती उंच, यावर दोन दिवस वाद. आमच्याकडं दुष्काळातल्या शेळ्या मागच्या दोन पायांवर उभ्या राहून गावातल्या छपरांचं गवत खात होत्या. त्यांना वायर म्हणजे काळी शेंग. म्हणून शेळीच्या तोंडापेक्षा उंच आणि बायकोच्या हातापेक्षा खाली अशी रेघ मारली. बायको म्हणाली, मेन स्विच दाराजवळच पाहिजे. मी म्हणालो, मशीनजवळ बरा. ती म्हणाली, “तुमी गप्पा मारत लाकूड चिरणार. कुणीतरी बोलता बोलता तुमची बोटं जातील. मला दारातनं बंद करता आलं पायजे. मशीन बी आन तुमाला बी.”

मी मशीनजवळची रेघ पुसली. स्विच दाराजवळ.

उजेडाची वायर मात्र मी वेगळी घेतली. यात माझी अक्कल नव्हती, अंबाजोगाईच्या त्या मिस्तरीची होती. त्याच्या उजव्या हाताला बोटं कमी होती. त्यानं सांगितलं होतं, मशीनचा फ्यूज उडाला आणि त्याच वायरीवर दिवा असला तर अंधार होतो, पण पातं लगेच थांबत नाही. ते अंधारात गरगरतच असतं. शिवाय ट्यूब लावायची नाही. ट्यूबच्या उजेडात फिरतं पातं कधी कधी जागच्या जागी थांबल्यासारखं दिसतं आणि माणूस हात पुढं नेतो. “साधा बल्ब लाव. पिवळा. दिसायला गरीब दिसतो, पर खोटं बोलत न्हाई.” मी लावायचं ठरवलं.

एवढं सगळं भुईवर चुन्यानं उमटलं, तेव्हा चेरमन बघायला आले.

चेरमन म्हणजे आमच्या सगळ्याच सहकारी संस्थांचे चेरमन. दूध संस्थेचे होते, तिच्यात दूध नव्हतं. सोसायटीचे होते. आणि ‘सुतार-लोहार सहकारी संस्था’ म्हणून एक होती, तिचेही होते. जन्मात त्यांनी सुताराचं किकरं की हातोडा हातात धरला नव्हता. त्या संस्थेची शेड होती, शेडमध्ये सरकारकडून आलेलं एक मशीन होतं, आणि त्या मशीनला अंग घासून घासून चेरमनच्या म्हशीनं अशी चकाकी आणली होती की तसं पॉलिश मला आयुष्यात जमलं नाही. शेडला कायम कुलूप. चेरमनच्या घराचं दार किंवा खिडकी करायची असली की तेवढ्यापुरतं उघडायचं.

चेरमन चुन्याच्या रेघांत उभे राहून म्हणाले, “मिस्तरी, हे घरात कशाला थाटता? आपली संस्था हाय. शेड हाय. वीज हाय. तुमी सभासद हाय. सहकारात या.”

“येतो की साहेब. चावी द्या.”

“चावी कशी देऊ? नियमात बसत न्हाई. काम असंल तव्हा माणूस पाठवा, मी उघडतो.”

“आन म्हस?”

“म्हशीचं काय?”

“ती बी सभासद हाय का?”

चेरमन हसले. माझ्यासारखा चावट माणूस बोलला की ते हसत, आणि हसलं की ते काहीतरी पक्कं करून जात. जाता जाता म्हणाले, “मीटरचा अर्ज करू नका. उगा ताप. खांब दारातच हाय. टाका आकडा, चालवा. गावात कुणाला मीटर हाय?”

हे मात्र खरं होतं. गावात अर्ध्याहून जास्त घरांत तारेवर आकडा टाकून वीज घेतलेली. संध्याकाळी काठ्यांनी आकडे टाकायचे आणि सकाळी काढायचे, जसे वाळत घातलेले कपडे. जो तो मला म्हणू लागला, “आकडा टाक बे, येडा का?” पण मी मनाशी ठाम होतो. आकड्यावर चालणारं मशीन सुताराचं नसतं, चेरमनचं असतं. त्यानं डोळा मिचकावला की चालणार, डोळा वटारला की वायरमन येऊन आकडा काढणार. मला कुणाच्या डोळ्यावर मशीन चालवायचं नव्हतं. तालुक्याला जाऊन मी रीतसर अर्ज दिला. तिथला कारकून अर्ज वाचून चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिला. आमच्या गावातून स्वतःहून मीटर मागायला आलेला माणूस त्यानं पहिल्यांदा बघितला होता. त्यानं मला पाणी पाजलं.

चुन्याच्या रेघांबरहुकूम मी वायरी ओढल्या. आता राहिलं अर्थिंग. मशीनच्या लोखंडात कुठं वीज फुटली तर ती माणसात न शिरता जमिनीत उतरावी म्हणून तिला काढून दिलेली वाट. कमरेपेक्षा खोल खड्डा घ्यायचा, त्यात लोखंडी पाइप उभा करायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, आणि तारेनं मशीन त्या पाइपाला बांधायचं. खड्डा मी गोठ्याच्या मागं घेतला. खाली मुरूम. पहारीनं ठिणग्या उडत होत्या. मीठ भरलं आणि जेवायला गेलो. परत येतो तर गावातल्या शेळ्या खड्ड्याच्या कडेनं गुडघ्यावर बसलेल्या, माना खाली, जशा नारायणगडावर भाविक बसतात तशा. त्यांनी मीठ चाटून पाइप लख्ख केला होता. पुन्हा मीठ भरलं आणि वरून फरशी ठेवली, बारीक भोक असलेली.

वायरमन आला. त्याच्याकडं एका होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब. एक वायर खांबावरून आणलेल्या तारेला, दुसरी माझ्या अर्थिंगला. जमीन चांगली असेल तर बल्ब झगझगीत पेटतो. गल्ली गोळा झाली. बल्ब पेटला, पण विझत आलेल्या विडीच्या टोकाएवढा.

वायरमन उठला. “मिस्तरी, वायरिंग झ्याक हाय. पर जमिनीत जीव न्हाई. पार सुकलीय. ओल असल्याबिगर वीज उतरत न्हाई. पाणी पाजा खड्ड्याला.”

“किती?”

“पोटभर. मी बाजारच्या दिवशी येतो. तव्हा बल्ब पेटला तर मीटर देतो, न्हाई तर अर्ज माघारी.”

बाजारच्या दुसऱ्या दिवशी टोळ्या निघणार होत्या. मोडक्या गाड्या माझ्या दारात येऊन पडल्या होत्या, एकावर एक, कुणाची साटी, कुणाची दांडी. आणि मला पाणी पाजायचं होतं मातीला, ज्या गावात माणसं तोंड धुवायचं पाणी भांड्याला आणि भांड्याचं पाणी शेळीला देत होती.

दुसऱ्या दिवशी टँकरपाशी बायको घागर घेऊन उभी राहिली. मी मागं. चेरमनना कुणीतरी सांगितलंच होतं. ते टँकरच्या पायरीवर चढले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले,

“हे बघा. टँकर माणसांसाठी येतो. कुणी ते पाणी मशीनच्या खड्ड्यात ओतताना दिसलं, तर मी लिहून देणार, की ह्या गावाला पाण्याची गरज न्हाई. मग टँकर बंद.”

रांगेत कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, “खरंच की. लेकराला पाणी न्हाई आन ह्यो जमिनीला पाजतो.” गाड्यांचे मालकसुद्धा खाली बघू लागले. चेरमन बोलले ते बरोबरच होतं, आणि तेच मला जास्त झोंबलं. चुकीचं बोलणाऱ्याला उत्तर देता येतं.

बायको घागर कमरेवर घेऊन म्हणाली, “आमच्या वाटणीच्या पाण्याचं आमी काय करायचं, ते तुमी सांगणार का?”

“सांगणार. प्यायचं. सैपाक करायचा. धुनीभांडी. आंघोळ. बस्स.”

मी पुढं झालो. “साहेब, आंघोळ म्हणलात न्हवं?”

“म्हणलो.”

“समद्यांसमोर?”

“समद्यांसमोर. का?”

“न्हाई, विचारलं. कान जरा कमी झालाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन गोठ्याच्या मागं आलं तेव्हा मी लंगोट लावून अर्थिंगच्या फरशीवर बसलो होतो. शेजारी माझ्या वाटणीची पाण्याची बादली, हातात साबण. एक तांब्या डोक्यावर, ते पाणी पाठीवरून फरशीवर, आणि फरशीच्या भोकातून खाली खड्ड्यात, गुळगुळ करत. जमिनीनं ते असं ओढून घेतलं की फरशीखालून ढेकर ऐकू आला. माझा शब्द आहे हा.

पहिल्यांदा पोरं हसली. मग बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग आला आमचा पैलवान. तरुणपणी कुस्त्या मारलेला, आता टायर गाडी हाकणारा, आणि त्याच्या गाडीची दांडी माझ्या दारात दोन तुकड्यांत पडलेली. तो कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत होता.

“मिस्तरी, ह्यानं मशीन चालू व्हतंय?”

“व्हतंय.”

“माझी दांडी बाजारच्या दिवशी मिळंल?”

“जमिनीनं पाणी प्यालं तर.”

त्यानं शर्ट काढला. “सर तिकडं. घरी बी आंघोळ करतोच की, हितं केली तर काय बिघडलं? पाणी माझंच हाय. बादली आणतो.”

पैलवान फरशीवर बसला तेव्हा फरशीनं हाय खाल्ली. त्याची पाठ म्हणजे एक एकर. तीवरून एक बादली वाहून खाली पोचायला न्याहारी होण्याइतका वेळ लागला. आणि त्याच्या मागं रांग लागली. ज्यांच्या गाड्या माझ्याकडं होत्या ते सगळे, मग ज्यांच्या नव्हत्या तेही, कारण आमच्या गावाला कशात मागं राहायचं माहीत नाही. प्रत्येकाची बादली स्वतःची, वाटणी स्वतःची. एक जण अंग घासून म्हणाला, “ह्या घामात बी मीठ हाय, मिस्तरी. वेगळं घालायचं काम न्हाई.” कुणी पायच धुतले, कुणी आपल्या म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन आला. म्हातारा म्हणाला, “तीन पोळे झाले, अंगाला पाणी न्हवतं.” मला त्याचा एक शब्दही खोटा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोनं दोन जुन्या साड्या खुंट्यांना बांधल्या आणि आत बायकांना बसवलं. आतून इतका हशा, इतकी निंदा, इतकी गाणी, की आम्ही पुरुष लांब गाड्यांवर बसून कान टवकारून होतो आणि आमच्याच घरची गुपितं आम्हाला पहिल्यांदा कळत होती.

चेरमन आले. अंगाला साबण लावलेला पैलवान पुन्हा फरशीवरच होता. कालपासून त्याला ती जागा आवडली होती.

“हे काय चाललंय?”

“आंघोळ, साहेब. तुमी परवानगी दिलेली.”

“हितंच कावून?”

“हवा चांगली हाय.” पैलवानानं डोळे मिटून डोक्यावर तांब्या उपडा केला. शिंतोडे चेरमनच्या पांढऱ्या धोतरावर. “या की. तुमची बी एक बादली. सहकार हाय.”

चेरमननी रांगेकडं बघितलं. रांगेत त्यांच्या वाड्यातला सालगडीसुद्धा बादली घेऊन उभा होता. ते वळले आणि वाड्याकडं चालू लागले. त्यांना कुणी हसलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्या दिवशी हसण्याची कुणाला गरजच वाटली नाही.

बाजारचा दिवस आला. वायरमन आला, आणि त्याच्याबरोबर मुकादमही आला, त्याचा ट्रॅक्टर रस्त्यावर उभा करून. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं, पण बायकोला ‘समजावून’ आजच सामान टाकून घ्यावं असा त्याचा बेत. चेरमन लांबून लिंबाखालून बघत होते.

वायरमननं फरशी उचलली आणि वाकून बघितलं. मला घाम फुटला. तोही खड्ड्यातच पडला. मग त्यानं एक वायर तारेला लावली आणि दुसरी पाइपाला.

मी बल्बकडं बघत नव्हतो. बायकोकडं बघत होतो. तिच्या तोंडावर पिवळा उजेड पडला तेव्हा मला कळलं.

आता बल्ब किती पेटला ते मी सांगत नाही. दिवसाढवळ्या गल्लीतल्या कोंबड्या पहाट झाली समजून आरवल्या एवढंच सांगतो. वायरमननं वायर काढली, हात झटकले आणि म्हणाला, “पाजलंत म्हणायचं.” मग पुढं अगदी गंभीर होऊन, “पर आता चालू लाइनीत हितं आंघोळ करू नका कुणी. मोरीचं सांडपाणी नळी टाकून सोडत ऱ्हा खड्ड्यात. तेवढं बास.” पैलवानाचा चेहरा पडला.

दुपारी वीज आली. मोटरनं आधी हुंकार दिला, मग पातं गरगरलं, आणि गोठ्याचे पत्रे असे थरथरले की नारायणगडापर्यंत लोकांनी कान झाकले असतील. पैलवानाच्या दांडीचं बाभळीचं लाकूड मी आत घातलं. बायको पलीकडं उभी होती, चिरलेलं लाकूड हातात घ्यायला. भुसा तिच्या केसांत, भुवयांत. लाकूड दारातून बाहेर निघालं, सरळ रस्त्यावर, आणि मुकादमाच्या ट्रॅक्टरच्या बाजूला जाऊन थांबलं.

मुकादम मशीनच्या आवाजाच्या वरताण ओरडून बोलत होता. काय बोलत होता ते आम्हा दोघांनाही ऐकू येत नव्हतं. त्याचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, हात हवेत चालले होते. कदाचित तो ट्रॅक्टरमधे जागा ठेवली म्हणत असेल, कदाचित पैलवानाच्या गाडीत बसा म्हणत असेल. मी लाकूड ढकलत राहिलो. ते संपेपर्यंत तो बोलत होता, आणि ते संपायला मी मुद्दाम वेळ लावला.

मग मशीन मंद झालं, आणि त्याचं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं.

“...यंदा ऱ्हाऊ द्या. पुढल्या सालाला तर याल?”

बायकोनं केसांतला भुसा झटकला. “पुढल्या सालाला तुमच्या गाड्या हिकडं आणा,” ती म्हणाली, “आन जरा लवकर आणा. शेवटच्या दिवशी लई गर्दी व्हती.” आणि तिनं मला हातानं खूण केली, दुसरं लाकूड घाला म्हणून.